युनिक्सचे बिऱ्हाड

गेल्या वर्षी दिवाळी आठ दिवसांवर आली होती, तेव्हाची गोष्ट. नात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेलेली. तिला पाडव्याच्या मुहूर्तावर लॅपटॉप घ्यायचा असे घरात ठरले होते. पैसे तिचे वडील देणार, वापरणार ती. मते मात्र घरातल्या प्रत्येकाला होती. कोणी वजन पाहत होते, कोणी किंमत, आणि तिची आई रंग. या गलबल्यातून उठून ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली,

“आबा, आमचे सर म्हणतात, प्रोग्रॅमिंग मनापासून करायचं असेल तर युनिक्ससारखी सिस्टिम घे. युनिक्ससारखी म्हणजे नक्की कशी? आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या वस्तूसारखं काहीतरी मी आज कशाला घ्यायचं?”

प्रश्न रास्त होता. ज्याने उभा जन्म या धंद्यात घालवला त्याला याचे उत्तर एका वाक्यात देता येऊ नये, याची मला थोडी लाजही वाटली. “बस इथे,” मी म्हणालो, “ही एका बिऱ्हाडाची हकिकत आहे. वेळ लागेल.” ती बसली. पुढे दोन संध्याकाळी तिला जे सांगितले, तेच जरा नीटनेटके करून येथे लिहीत आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी एक खुलासा केला पाहिजे. संगणक म्हणजे नुसती रिकामी खोली. चूल कोठे मांडायची, पाणी कोठून यायचे, डबे कोणत्या फळीवर, आणि एकाच मोरीवर दोघे एकदम आले तर आधी कोणी जायचे, हे ठरवून देणारी जी व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. सिनेमा पाहणाऱ्याला किंवा पत्र लिहिणाऱ्याला ही व्यवस्था कोणतीही चालते. तो घटकाभराचा पाहुणा. पण प्रोग्रॅम लिहिणारा माणूस त्या खोलीत दिवसाचे दहा तास राहतो, तेथेच रांधतो आणि भांडीही तेथेच घासतो. खोलीची निवड त्याला जन्माची पुरते किंवा जन्माची नडते.

नडते कशी, ते मी अनुभवले आहे. १९८१ साली मी मुंबईतल्या एका कचेरीत नोकरीला लागलो. तेथे जे यंत्र होते त्याची व्यवस्था त्या यंत्राच्या कंपनीची स्वतःची, भाषाही तिची स्वतःची. त्यावर मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी नऊ वर्षे काम केले. पगारपत्रके झाली, भांडाराचे हिशेब झाले, भविष्यनिर्वाह निधीची खाती झाली. रात्री जागून केलेले ते काम होते आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. १९९० साली कंपनीने ते यंत्र बनवणे आणि दुरुस्त करणे दोन्ही बंद केले. नव्या यंत्राला आमची एक ओळही वाचता येईना. टेपची रिळे काही महिने कपाटात राहिली, मग रद्दीवाला घेऊन गेला. आमचे सगळे काम म्हणजे भाड्याच्या खोलीत भिंतीत बसवलेली कपाटे होती. खोली सोडताना ती उचलून नेता येत नाहीत, हे आम्हाला खोली सोडतानाच कळले.

त्याच कचेरीत १९८८ साली एका कोपऱ्यात युनिक्सचे एक छोटे यंत्र आले होते. जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून मी त्यावर नातेवाइकांचे आणि स्नेह्यांचे पत्ते टाइप केले, आणि दिवाळीची भेटकार्डे पाठवण्यासाठी त्यातून गावावारी लावलेल्या चिठ्ठ्या छापणारा सहा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. त्या सहा ओळी आजही चालतात. नऊ वर्षांचे काम रद्दीत गेले आणि जेवणाच्या सुट्टीतला खेळ टिकला. असे का झाले, हाच या हकिकतीचा विषय आहे.

साठीच्या दशकात संगणक म्हणजे एक दिवाणखानाभर यंत्र असे. प्रोग्रॅम भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तरासाठी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हेलपाटा घालायचा. एक स्वल्पविराम चुकला असेल तर ते वर्तमानही दुसऱ्या दिवशीच कळे. या जाचातून सुटका व्हावी म्हणून १९६४-६५ च्या सुमारास अमेरिकेत तीन संस्था एकत्र आल्या: एमआयटी हे विद्यापीठ, जनरल इलेक्ट्रिक ही यंत्रे बनवणारी कंपनी आणि टेलिफोन कंपनीची बेल प्रयोगशाळा. वीज जशी तारेने घरोघर जाते तशी संगणकाची शक्ती शेकडो माणसांना एकाच वेळी आपापल्या टेबलावर मिळावी, असा त्यांचा बेत होता. त्याचे नाव मल्टिक्स. बेत थोर होता, पण तिघांच्या संसारात काम पुढे सरकेना. १९६९ च्या वसंतात बेल प्रयोगशाळेने अंग काढून घेतले. मल्टिक्स पुढे पुरे झाले आणि अगदी २००० सालापर्यंत कोठे ना कोठे चालतही होते, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. परंतु बेलच्या माणसांपुरते ते बिऱ्हाड उठले.

न्यू जर्सीतल्या मरे हिल येथल्या या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची, डग मॅकिलरॉय असे काही तरुण गणिती होते. मल्टिक्सच्या निमित्ताने त्यांना यंत्रासमोर प्रत्यक्ष बसून, त्याच्याशी बोलत बोलत काम करण्याची चटक लागली होती. आता पुन्हा खिडकीपाशी कार्डे घेऊन उभे राहणे त्यांच्या जिवावर आले. रिचीने पुढे लिहून ठेवले आहे की, त्यांना जपायची होती ती नुसती प्रोग्रॅम लिहिण्याची सोय नव्हती. एका यंत्राभोवती माणसे जमतात, एकमेकांचे काम पाहतात, त्यातून जो सहवास घडतो तो त्यांना हवा होता. मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. पुढे जे जे घडले त्याचे मूळ यात आहे.

त्यांनी वरिष्ठांकडे नवे यंत्र मागितले. मिळाले नाही. पुन्हा मागितले, पुन्हा नाही. मल्टिक्समध्ये पोळलेली संस्था ताकही फुंकून पीत होती. मधल्या काळात थॉम्पसनने सूर्यमालेत यान फिरवण्याचा एक खेळ लिहिला होता. मोठ्या यंत्रावर तो एकदा खेळायचा म्हणजे हिशेबात ७५ डॉलर खर्ची पडत, आणि यानही धड वळत नसे. तेव्हा त्याने कोपऱ्यात पडलेले, कोणी फारसे न वापरणारे, पीडीपी-७ नावाचे एक लहान यंत्र शोधून काढले आणि रिचीच्या मदतीने खेळ त्यावर नेला. त्या यंत्राची स्मृती अवघी आठ हजार शब्दांची. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रसुद्धा तीत मावणार नाही.

खेळाच्या निमित्ताने यंत्राची नस सापडली. त्याच उन्हाळ्यात थॉम्पसनची पत्नी लहान मुलाला घेऊन कॅलिफोर्नियाला सासू-सासऱ्यांकडे गेली. आपल्याकडे बायको गावाला गेली की नवरा खानावळ शोधतो. या गृहस्थाने चार कामे काढली आणि प्रत्येकाला एक आठवडा दिला: एक आठवडा व्यवस्थेच्या गाभ्याला, एक माणसाची आज्ञा ऐकणाऱ्या दारवानाला, ज्याला शेल म्हणतात, एक लिहिण्या-खोडण्याच्या साधनाला आणि एक प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या असेंब्लरला. पत्नी परत आली तोवर बिऱ्हाड मांडून झाले होते. मल्टिक्समध्ये ‘अनेक’, म्हणून यात ‘एक’, अशी कोटी करून ब्रायन कर्निगन या सहकाऱ्याने १९७० साली त्याला युनिक्स हे नाव दिले.

तरीही स्वतःचे यंत्र नव्हतेच. ते मिळाले एका युक्तीने. १९७० साली त्यांनी अर्ज बदलला. ऑपरेटिंग सिस्टिम हा शब्दच काढून टाकला आणि लिहिले की, कागदपत्रे टाइप करून सुबक छापण्याची व्यवस्था करतो, त्यासाठी पीडीपी-११ हे यंत्र द्यावे. किंमत सुमारे ६५,००० डॉलर. हे मंजूर झाले, कारण प्रयोगशाळेच्या पेटंट खात्याला तशी गरज होती. १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट खात्याच्या तीन टंकलेखिका दिवसभर त्या यंत्रावर अर्ज टाइप करीत, आणि त्याच यंत्रावर हे लोक आपले नवे प्रोग्रॅम तपासत. एकाच्या चुकीपासून दुसऱ्याला वाचवणारी भिंत त्या यंत्रात नव्हती. प्रोग्रॅम फसला की सगळे यंत्र बसायचे आणि त्याबरोबर त्या तिघींचे टायपिंगही. त्यामुळे प्रत्येक प्रयोग जपून आणि छाती करून करावा लागे. युनिक्सच्या इतिहासात थोर गणितज्ञांची नावे येतात, या तिघींची येत नाहीत. पण यंत्र वारंवार बसता कामा नये, ही शिस्त त्या पोरांना या तिघींच्या धाकाने लागली असली पाहिजे, असे माझे मत आहे. त्या पहिल्या खऱ्या भाडेकरू.

आता या घराची खुबी. ती सांगायला फराळाइतका चांगला दृष्टांत नाही. चकल्या करताना एकजण भाजणी भिजवते, दुसरी मळते, तिसरी सोऱ्यातून पाडते, चौथी तळते, पाचवी डब्यात भरते. कोणी कोणाचे काम करीत नाही. आपले काम झाले की परात पुढे सरकते. तळणारीला भाजणीत काय घातले आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही, आणि सोऱ्या तिचा असो की शेजारणीचा, चकली पडतेच. उद्या चकलीऐवजी शेव करायची झाली तर सोऱ्यातली चकती बदलायची. युनिक्समध्ये प्रोग्रॅम असे लहान लहान असतात: एक नुसता शोधतो, एक नुसती क्रमवारी लावतो, एक नुसता मोजतो. आणि एकाची परात दुसऱ्याकडे सरकवण्यासाठी दोन नावांमध्ये एक उभी रेघ मारली की झाले. त्या रेघेला पाइप म्हणतात. ही कल्पना मॅकिलरॉयची. बागेला पाणी घालायच्या नळ्या जशा एकीला एक जोडतात तसे प्रोग्रॅम जोडता यावेत, असे टिपण त्याने १९६४ सालीच लिहिले होते. घरात कोणी मनावर घेईना. तो मागे लागलाच होता. अखेर थॉम्पसनने ते एका रात्रीत करून टाकले आणि १९७३ च्या हस्तपुस्तिकेत पाइप आला. पुढल्या काही दिवसांत जो तो आपले जुने प्रोग्रॅम परातीला परात लागेल असे सुधारू लागला.

परात सर्वांची एकच असावी लागते, हे ओघाने आले. युनिक्सने ती साधी ठेवली: ओळीमागून ओळ, वाचता येणारी अक्षरे. माझी पत्त्यांची यादी टिकली याचे अर्धे कारण हे. ती कोणत्याही कंपनीच्या गुप्त लिपीत नव्हती.

उरलेले अर्धे कारण सी ही भाषा. तोवर यंत्राची व्यवस्था त्या त्या यंत्राच्या बोलीतच लिहायची अशी रीत होती. दुसऱ्या यंत्राला ती बोली कळत नसे. रिचीने १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा तीत पुन्हा लिहिला गेला. सी कोणत्याही यंत्राच्या बोलीत उतरवता येते. म्हणजे घर विटा-चुन्याचे न राहता नकाशाचे झाले. जागा बदला, त्या जागेच्या दगडाने पुन्हा उभे करा. १९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठात आणि बेलमध्येही ते दुसऱ्याच घराण्याच्या यंत्रावर उभे राहिले. आमच्या नऊ वर्षांच्या कामाला नेमका हा नकाशा नव्हता.

जाता जाता एक खंत. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकावरून सी शिकलेल्यांची संख्या मोजता येणार नाही. पण जिच्या घरात ती भाषा जन्मली ते घर आपल्या बहुतेक मुलांना दिसलेच नाही. ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर सी शिकली, परीक्षा उत्तीर्ण झाली आणि बाहेर पडली. सासरी आलेल्या मुलीचे माहेर कोणी विचारू नये, तसेच हे.

हे बिऱ्हाड मरे हिलच्या बाहेर कसे पडले, यात दैवाचा भाग मोठा आहे. टेलिफोन कंपनीची मक्तेदारी होती, म्हणून १९५६ साली सरकारशी झालेल्या तडजोडीने तिला टेलिफोनखेरीज दुसरा धंदा करण्याची बंदी झाली होती. युनिक्स विकता येईना. १९७४ च्या जुलैत थॉम्पसन आणि रिची यांचा लेख एका विद्वत्पत्रिकेत आला तशी विद्यापीठांकडून मागणी येऊ लागली, आणि कंपनी नाममात्र रकमेत टेप पाठवू लागली. अट एकच: पैसे आधी, आणि पुढे काही बिघडले तर आमच्याकडे येऊ नका. टेपवर सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारी मूळ संहिता, पूर्ण असे. मालक दुरुस्तीला येणार नाही म्हटल्यावर भाडेकरू एकमेकांची गळती बुजवू लागले. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात थॉम्पसन १९७५-७६ साली शिकवायला गेला. तेथल्या बिल जॉय या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी इतकी डागडुजी केली, इतक्या खोल्या वाढवल्या, की बीएसडी नावाची नवीच शाखा झाली. इंटरनेटची दळणवळणाची भाषा १९८३ साली या शाखेतून घरोघर पोचली.

सिडनीत जॉन लायन्स नावाच्या प्राध्यापकाने १९७६-७७ साली युनिक्सच्या गाभ्याची सुमारे नऊ हजार ओळींची संहिता एका पुस्तिकेत छापली आणि दुसरीत तिच्यावर ओळवार भाष्य लिहिले. एखाद्या सूत्रग्रंथावर टीका लिहावी तसे. खरी ऑपरेटिंग सिस्टिम विद्यार्थ्यांनी आरंभापासून शेवटपर्यंत वाचावी, असे हे बहुधा पहिलेच पुस्तक.

येथवर सारे गोड. मग मालकाला जाग आली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर जो करार आला त्यात वर्गात ही संहिता शिकवण्यास मनाई होती. लायन्सचे भाष्य छापणे अशक्य झाले. विद्यार्थी त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून, अक्षरे पुसट होईतो, ते वाचत राहिले. कायदेशीर आवृत्ती निघाली ती थेट १९९६ साली, लायन्सच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी. १९८४ साली टेलिफोन कंपनीचे तुकडे झाले, धंद्याची बंदी उठली, आणि युनिक्स हा रीतसर विक्रीचा माल झाला. ज्यांनी गळती बुजवली त्यांच्याच तोंडावर दार लागले.

याच सुमारास एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक हट्टी माणूस माझ्याच दुःखातून जात होता. त्याच्या प्रयोगशाळेने पीडीपी-१० या यंत्रावर आपल्या हाताने एक अप्रतिम व्यवस्था घडवली होती. ती त्या यंत्राच्या बोलीत लिहिलेली. कंपनीने त्या यंत्राचा वंशच बंद केला आणि वर्षांचे काम मातीत गेले. मी रिळे रद्दीत घातली आणि गप्प बसलो. स्टॉलमनने २७ सप्टेंबर १९८३ रोजी जाहीर केले की, मी एक पूर्ण व्यवस्था नव्याने लिहितो आणि ती कोणालाही वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळी राहील. आणि गंमत पाहा, युनिक्स हे काही त्याच्या आवडीचे घर नव्हते. ते आदर्श नाही असे त्याने स्पष्ट लिहिले. तरी त्याने नमुना निवडला तो युनिक्सचाच, कारण ते कोणत्याही यंत्रावर नेता येते आणि लोकांना त्याची सवय आहे. प्रकल्पाचे नाव मात्र त्याने ग्नू ठेवले, ज्याचा अर्थच ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’.

नातीच्या ‘युनिक्ससारखी म्हणजे कशी’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मूळ घराची एक वीटही घ्यायची नाही. पण दार तेथेच, फळी तेथेच, परात तीच, आज्ञांची नावे तीच. त्या घरात वाढलेला माणूस अंधारातही पाण्याचा माठ शोधू शकेल, असे नवे घर. १९८८ साली या रीतिरिवाजांची पॉझिक्स नावाने लेखी संहिताही झाली.

स्टॉलमनच्या मंडळींनी फळ्या, भांडी, कपाटे सारी तयार केली; गाभा तेवढा रखडला. तिकडे अॅमस्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबाम या प्राध्यापकाने, मूळ संहिता शिकवता येत नाही म्हणून, १९८७ साली मिनिक्स नावाचे छोटे युनिक्ससारखे घर स्वतः बांधून पुस्तकासोबत दिले. ते पुस्तक हेलसिंकीच्या लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने वाचले. जन्म डिसेंबर १९६९ चा, म्हणजे तो आणि युनिक्स एका वर्षाचे. त्याने १९९१ च्या जानेवारीत नवा पीसी घेतला, विद्यापीठाच्या यंत्राशी बोलण्यासाठी एक लहान प्रोग्रॅम लिहिला, तो वाढत वाढत गाभा झाला. २५ ऑगस्टला त्याने लोकांना कळवले की, छंद म्हणून एक व्यवस्था लिहितो आहे, फार मोठी होणार नाही. तिचे नाव पुढे लिनक्स पडले. १९९२ साली त्याने ती स्टॉलमनच्या परवान्याखाली मोकळी केली. घराला गाभा मिळाला आणि गाभ्याला घर.

बर्कलीच्या शाखेचे मात्र कोर्टात अडले. तेथल्या लोकांनी मूळ कंपनीची ओळ न् ओळ काढून टाकण्याचा चंग बांधला होता. शेकडो स्वयंसेवकांनी नुसत्या वर्णनावरून साधने नव्याने लिहिली. १९९१ साली ते वाटले गेले, १९९२ साली खटला झाला. १९९४ साली तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फाइलींपैकी काढाव्या लागल्या तीन. पण या दोन वर्षांत कोर्टाच्या भीतीने लोक बीएसडीकडे जाईनात, आणि लिनक्सने तेवढ्यात पाय पसरले.

घराचे दोष न सांगता ते दाखवणे हा दलालाचा धर्म, माझा नव्हे. युनिक्सची नावे तुटक आणि तुसडी आहेत. ‘क्रिएट’ या शब्दातले शेवटचे अक्षर त्यांनी खाल्ले. पुन्हा लिहायचे झाले तर काय बदलाल, असे विचारता थॉम्पसनने ते अक्षर घालीन असे सांगितले होते. आणि हे घर मालकासारखे नाही, तसे आईसारखेही नाही. ‘खरंच टाकू का?’ असे ते विचारत नाही. १९९३ साली काही तात्पुरत्या फाइली पुसताना माझ्या हातून आज्ञेत एक जागा जास्त सुटली. क्षणात त्या कप्प्यातले सगळे गेले, पत्त्यांची यादीही गेली. दुसरी प्रत नव्हती. मागल्या दिवाळीच्या छापील चिठ्ठ्यांचा एक कागद हिने डब्याच्या तळाशी घातला होता. तो काढून दोन रात्री हिने नावे वाचली आणि मी टाइप केली. चूक घराची नव्हे, माझीच. पण तिच्या चेहऱ्यावरचा भाव मी विसरलेलो नाही.

आज निवड करणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. ॲपलने १९९६ च्या अखेरीस स्टीव्ह जॉब्सची नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचे ठरवले, आणि २००१ पासून त्यांच्या यंत्रांच्या पोटात बर्कलीचेच वंशज आहेत. मायक्रोसॉफ्टने युनिक्सचा परवाना घेऊन १९८० साली झेनिक्स नावाने ते विकायला काढले होते, मग ते सोडून वेगळी वाट धरली; २०१६ साली विंडोजच्या आत लिनक्सची साधने चालवण्याची सोय केली आणि २०१९ साली तर प्रत्यक्ष लिनक्सचा गाभाच आत आणण्याचे जाहीर केले. पन्नास वर्षे फिरून वाडे चिरेबंदी झाले, पण स्वयंपाकघर प्रत्येकाने तेच बांधले. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच, आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीतले प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते.

नातीला मी सरळ सांगितले: ॲपलचे यंत्र सुरेख आहे, पण वडिलांच्या खिशाला पाहा. साधे यंत्र घे आणि त्यावर लिनक्स घाल. धीर होत नसेल तर पहिले सहा महिने विंडोजच्या आतले लिनक्स वापर. रंग आईला निवडू दे.

पाडव्याला यंत्र आले. चार दिवसांत तिने त्यावर लिनक्स घातले, आणि एका संध्याकाळी म्हणाली, “आबा, तुमची ती यादी द्या, चालते का बघू.” मी पेन ड्राइव्ह दिला. सहा ओळींपैकी एक ओळ वीसेक वर्षांपूर्वी दुरुस्त करावी लागली होती. क्रमवारीची खूण लिहिण्याची जुनी रीत नव्या आवृत्तीत बंद झाली होती. बाकी पाच १९८८ च्याच. तिने एंटर दाबले. अकोला, दादर, इंदूर, कोल्हापूर अशी गावे रोमन अक्षरांच्या क्रमाने भराभर वर सरकली.

ती यादी वाचू लागली. निम्मी नावे तिने ऐकलेलीही नव्हती.

“गिरगावचा हा पत्ता कुणाचा?”

“माझ्या मावशीचा. चाळ पाडली ती. मावशीही नाही आता.”

“मग ही ओळ काढून टाकू?”

तिची बोटे कळांवर गेली होती.

“थांब,” मी म्हणालो, “आधी एक प्रत काढ.”